अरुंद दार

लोक इंजिनिअरकडून घराचा नकाशा काढून घेतात. माझ्या नवऱ्याने तो गोष्टीच्या पुस्तकातून काढला. नकाशा म्हणजे एक पान, बस्स. वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवायचं आणि चिकटवायचं काम करतो तो, त्यामुळे पान कसं जपायचं हे त्याला पक्कं ठाऊक. प्लायवूडच्या तुकड्यावर ते पान चिकटवून, वर प्लास्टिक चढवून त्याने गवंड्याच्या हातात दिलं. गवंड्याने तो तुकडा उलटून पाहिला.

"आणि घराची मागची बाजू?"

"मागची तुम्ही ठरवा," माझा नवरा म्हणाला.

तेव्हापासून जे माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

चित्रातल्या घराला उतरतं छप्पर होतं, छपराखाली गोल खिडकी होती आणि समोर कमानीचं अरुंद दार. दार अर्धवट उघडं, आतून पिवळा उजेड. हा मिशनच्या वसतिगृहात वाढला. आई नाही, बाप नाही, ओळीने मांडलेल्या खाटांमधली एक खाट याची. तिथल्या कपाटात ते पुस्तक होतं आणि त्याची शेवटची पानं कुणीतरी फाडून नेली होती. आत कोण राहतं, दारात उभं राहिलं तर ते काय म्हणतील, हे सगळं पुढच्या पानावर असणार आणि पुढचं पान नव्हतं. वसतिगृह सोडताना हे चित्राचं पान तेवढं तो सोबत घेऊन आला. लग्नाआधी त्याने मला हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घर बांधायला काढलं तेव्हाही आलं, पण ते वेगळ्या कारणाने.

पायापासूनच सांगते. शास्त्रात, म्हणजे बायबलात, शहाण्या माणसाने घर खडकावर बांधलं, म्हणून आमचाही पाया खडकावरच हवा. गवंडी म्हणाला, मुरूम चांगला कडक आहे, वर दोन मजले चढवलेत तरी हलायचा नाही. हा म्हणाला, खडक लागेपर्यंत खणा. खणलं. खडक लागला नाही, पाणी लागलं. मग पंप आणून ते पाणी उपसत बसलो. शेजारीण कुंपणावरून डोकावून म्हणाली, "विहीर का हो?" मी म्हटलं, "नाही, बैठकीची खोली." शेवटी मुरमावरच पाया घातला आणि खड्डा बुजवण्यात सगळ्यांचे हात दुखून आले.

मग गोल खिडकी. गोल म्हटलं की कारागिरांची तोंडं चौकोनी होतात. काचवाला म्हणाला चौकट आणा, चौकटवाला म्हणाला आधी काच दाखवा, आणि ही टोलवाटोलवी चालली असताना भोकातून कबुतरं आत येऊन संसार थाटून बसली. मी शिवणकाम करते. गोल खिडकीला पडदा कसा शिवायचा ते मला विचारा. नको, विचारू नका.

माझी लेक, तिला आम्ही चिमणीच म्हणतो, ती बापाच्या पुढे एक पाऊल. तिला जिन्याखाली चोरकप्पा हवा, माळ्यावर जायला दोराची शिडी हवी. बाप-लेक संध्याकाळी विटांच्या ढिगावर बसून ते पान बघायचे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही असायचं की माझ्या तोंडापर्यंत आलेलं मी गिळून टाकायचे. माझीही श्रद्धा आहे. रविवार मी चुकवत नाही. पण देवाने डोळे दिले ते प्रार्थनेत मिटायला आणि एरवी उघडे ठेवायला, असं माझं मत. माझ्या नवऱ्याला दुसरा भाग कुणी शिकवलाच नाही.

या सगळ्यात माझी मागणी एकच होती. आई.

माझी आई आयुष्यभर दवाखान्यात दाई होती. पायाला भिंगरी. रात्र नाही, दिवस नाही, बोलावणं आलं की निघाली. घर बांधायला काढलं आणि त्याच सुमारास ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तिची भिंगरी थांबली. आता चाकाच्या खुर्चीत असते. अंगाने भरलेली, म्हणून खुर्चीही मोठी घ्यावी लागली. दुकानातल्या सडपातळ खुर्च्यांत ती मावतच नाही. दादाकडे राहते. दादा-वहिनी वाईट नाहीत, पण त्यांचं घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली यायचं म्हणजे डॉक्टरकडे न्यायलाच, आणि तेही चौघांनी खुर्चीसकट उचलून. शेजारची पोरं येतात, दात-ओठ खात, "सांभाळ, सांभाळ" करत जिना उतरतात. आई तेवढा वेळ डोळे घट्ट मिटून घेते.

"चौघांनी उचलायचं ते एकदाच असतं," एकदा ती मला म्हणाली. "माझी मेली रंगीत तालीम चाललीय."

मी हसले. ती हसली नाही. मग तिने खिडकीच्या गजाला धरून खालचा रस्ता बघितला आणि म्हणाली, "मला कुणाच्या हातापाया न पडता उन्हात बसायचंय गं. दुसरं काही नको."

"नव्या घरात तुला कुणी उचलणार नाही," मी म्हटलं. "मनात येईल तेव्हा अंगणात, मनात येईल तेव्हा आत. स्वतःची स्वतः."

"शब्द?"

"शब्द."

तो शब्द मी नवऱ्याला सांगितला, आणि खोटं कशाला बोलू, त्याने मनावर घेतलं. आईची खोली खालीच, न्हाणीघर लागून, दोन्ही दारं ऐसपैस. भिंतीला धरायला दांडे. अंगणातून ओट्यापर्यंत असा सुंदर उतार काढून घेतला की चिमणी दिवसभर त्यावरून सायकल सोडायची. स्वयंपाकघरातही उंबरा ठेवू दिला नाही त्याने. मी आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या, माझी शिलाई आणि चिमणीची शाळा यात पिळून निघत होते. मला वाटलं, चला, माणूस सुधारला.

त्याच दिवसांत एका रविवारी पाळकांनी 'अरुंद दाराने आत जा' या वचनावर प्रवचन केलं. मी नेमकी आईजवळ होते. हा चर्चमधून थेट बांधकामावर गेला. पान काढून पाहिलं: दार अरुंद. शास्त्रात पाहिलं: दार अरुंद. बापरे, केवढी मोठी खूण! समोरच्या दाराची जागा चांगली रुंद सोडलेली होती. ती त्याने दोन्ही अंगांनी विटांनी भरून घेतली आणि वर कमान वळवून घेतली. गवंड्यालाही चेव चढला, त्याच्या हातची पहिलीच कमान ती. ओल्या गिलाव्यात चिमणीचा पंजा उमटवला. पाळकांना बोलावून प्रार्थनाही करून घेतली. मी संध्याकाळी जाऊन पाहिलं तर माझ्या नवऱ्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

कमान सुरेख होती. मी म्हटलं, सुरेख आहे. दिवसभर लोकांची मापं घेणारी बाई मी, पण घरी जाताना दाराला टेप लावावी असं कुणाच्या मनात येतं? आईच्या खोलीचं दार मी मोजलं होतं. न्हाणीघराचं मोजलं होतं. त्या दारांपर्यंत पोचायला आधी घरात शिरावं लागतं, एवढं सांगायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं.

घर-समर्पणाच्या दिवशी सकाळपासून अंगण भरलं. चर्चच्या मंडळीतले सगळे आले, गवंडीही आला, खुर्च्या मांडल्या, गाणी झाली. पाळकांनी ठरवून टाकलं होतं की सगळ्यांत आधी आजी आत जातील आणि मग प्रार्थना. आईला दादाकडून चौघांनी उचलून खाली आणलं, गाडीत बसवलं, इथे फाटकाशी उतरवलं. तिने नवी साडी नेसली होती, मी शिवलेलं पोलकं घातलं होतं.

"आता कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली.

कुणी लावला नाही. तिने स्वतः चाकं फिरवली. हळूहळू, थांबत, धापा टाकत ती उतार चढली. मी तोंडावर पदर दाबून उभी. ओट्यावर पोचल्यावर तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेसाठी मी ती खिडकी, ती कबुतरं, ते पाणी, सगळं सगळं माफ केलं. मग ती दारात शिरली आणि खट् आवाज झाला.

मागे आली. पुन्हा गेली. पुन्हा खट्.

दोन्ही चाकं दोन्ही बाजूंच्या विटांना अडली होती. फार नाही, दोन बोटांचं अंतर. सगळं घर बांधून झालं होतं आणि हत्ती जाऊन शेपूट अडकलं होतं.

मग अंगणातले सगळे उंटावरचे शहाणे उतरून आले. एक म्हणाला, तिरकी घाला. तिरकी घातली, आणखी अडली. दुसरा म्हणाला, दाराची फळी काढा. बिजागऱ्या खोलून फळी काढली. एक बोट मिळालं, एक राहिलं. दादा म्हणाला, चाकांतली हवा काढा. त्या चाकांत हवा नसतेच, भरीव रबर असतं. कुणी मागच्या दाराचं नाव काढलं. मागचं दार धुण्याच्या मोरीत उघडतं आणि मोरी नि कुंपण यांच्यामधून मांजरसुद्धा पोट आत ओढून जातं. चित्राला मागची बाजू नव्हती ना! मी नवऱ्याकडे पाहत होते आणि तो कमानीकडे पाहत होता.

आई कमानीत अडकलेलीच होती. तिने पाळकांकडे मान वळवली.

"काय हो पाळकसाहेब, सुईच्या नेढ्यात श्रीमंत अडकतो म्हणता ना? माझ्याकडे फुटकी कवडी नाही. मी का अडकले?"

लोक हसले. पाळक हसले नाहीत, त्यांचे कान लाल झाले. मीही हसले नाही, कारण आईचा तो आवाज मला माहीत आहे. रडू आलं की ती विनोद करते.

इतक्यात तरुण संघाची चार धिप्पाड पोरं बाह्या सरसावत पुढे आली. आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला!

"चौघंजण!" तो म्हणाला. "बघ ना, अगदी शास्त्रातल्यासारखं. त्या चौघांनी आजारी माणसाला उचलून प्रभूपाशी आणलं, तसंच. आई, खुर्ची मिटवून आत नेतो, तुम्हाला हे चौघं—"

"नाही," आई म्हणाली.

"अहो, दोन मिनिटांचं काम."

"जावईबापू, आत न्याल तुम्ही. उद्या सकाळी बाहेर कोण आणेल? तुम्ही वाचनालयात, ही शिलाईत. मी काय रोज चार पोरं बोलावू?" तिने चाकं मागे ओढली आणि कमानीतून सुटून ओट्यावर आली. "तिथे खिडकी तरी रस्त्यावरची आहे. दादा, गाडी गेली नाही ना? मला माघारी ने."

दादा माझ्याकडे बघायला लागला. आई उताराच्या तोंडाशी जाऊन थांबली आणि तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मला भरल्या अंगणात आरडाओरडा करायची सवय नाही. पण आईचे ते हात पाहिले आणि माझा तोल गेला.

"त्या चौघांची गोष्ट सांगतोस मला?" मी नवऱ्याला म्हटलं. "पुरी सांग की! दारात गर्दी होती, आत जाता येईना. मग काय केलं त्यांनी?"

मी लेकीकडे वळले.

"चिमणी, तू सांग. रविवारच्या शाळेत जातेस ना?"

"छप्पर फोडलं," चिमणी हळूच म्हणाली.

"छप्पर फोडलं! दुसऱ्याच्या घराचं! आजवर मी त्या चौघांचं कौतुक ऐकत आले. त्या घरमालकाबद्दल कधी कुणी बोलतं? त्याने किती हौसेने घातलं असेल ते छप्पर. तो आडवा आला असं कुठे लिहिलंय? माझी कमान, माझं चित्र, असं म्हणाला तो? आणि तो आजारी माणूस बाहेर कसा गेला रे? पुन्हा चौघांच्या खांद्यावरून? बरा होऊन स्वतःच्या पायांनी गेला! माझ्या आईला तेवढंच हवंय. पाय नाहीत तर चाकं. शब्द दिलाय मी तिला. तू छप्परही फोडू नकोस. दार फोड."

मला हुंदका आला आणि त्याचाही राग आला.

माझा नवरा कमानीजवळ गेला. त्याने विटेवरून हात फिरवला, तो नव्या पुस्तकाच्या पाठीवरून फिरवतो तसा. बराच वेळ त्याची पाठच आमच्याकडे होती. लहानपणापासून तो त्या दाराशी उभा होता, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी मला त्याची कीव करायला सवड नव्हती.

"घण कुठाय?" त्याने गवंड्याला विचारलं.

"मी नाही हात लावणार," गवंडी म्हणाला. "बांधा म्हणता, बांधतो. पाडा म्हणता? माझ्या हातची कमान आहे ती." पण घण त्याने आणून दिला.

पुस्तकं शिवणारा माणूस तो. पहिला घाव उसळून परत आला आणि हा त्याच्यासोबत दोन पावलं मागे गेला. दुसऱ्या घावाला गिलाव्याचा टवका उडाला. तिसऱ्याला त्याने डोळे मिटून घेतले, तेव्हा गवंड्याला राहवलं नाही.

"अहो, बोटं जातील! सरका. कडेच्या विटांपासून सुरुवात करा, वरून नका. वरचं काही पडत नाही, वर काँक्रीटचा बीम आहे. कमान नुसती शोभेची."

"शोभेची?" मी म्हटलं.

"शोभेचीच की. तुमच्या साहेबांना हवी होती म्हणून वळवली."

मला त्या दोघांच्याही डोक्यात घण घालावासा वाटला. शोभेच्या विटांसाठी माझी आई माघारी निघाली होती. पण मग गवंडी एका बाजूने आणि नवरा दुसऱ्या बाजूने असे लागले, आणि उचलायला आलेली ती चार पोरं विटा बाजूला फेकायला लागली. धुरळा उडाला, मंडळीतल्या बायका नव्या साड्या सावरत फाटकाकडे पळाल्या. चिमणीच्या पंजाचा गिलावा दोन तुकडे होऊन पडला. मला वाटलं आता ही भोकाड पसरणार. तिने एक तुकडा उचलून फ्रॉकच्या खिशात टाकला आणि ओरडली, "आजी, थांब! जाऊ नकोस!"

आई गेली नव्हती. ती खुर्ची वळवून बघत बसली होती.

जागा मोकळी झाली तेव्हा ती काही दारासारखी दिसत नव्हती. कडा वेड्यावाकड्या, वर कमानीचा उरलेला एक दात. पोरांनी ओटा झाडला. नवरा बाजूच्या विटांच्या ढिगावर जाऊन बसला, केसांत लाल धूळ, तळहात सोललेले, आणि मांडीवर कमानीची मधली वीट. त्याने कुणाकडेच पाहिलं नाही.

आईने चाकं फिरवली. कडेला कुठेही न घासता ती आत गेली. आणि आत जाऊन थांबली नाही. खुर्ची तिथेच वळवली आणि लगेच बाहेर आली, थेट ओट्यावर, उन्हात. तोंड वर करून क्षणभर ऊन घेतलं. मग पुन्हा आत गेली. पुन्हा बाहेर. पाळक पुस्तक उघडून उभे होते, त्यांनी ते मिटलं. तिसऱ्यांदा आत गेल्यावर ती आमच्या बैठकीच्या खोलीच्या मधोमध थांबली, आणि गोल खिडकीतलं ऊन तिच्या डोक्यावर पडलं. कबुतरांसकट ती खिडकी मला पहिल्यांदा बरी वाटली.

माझा नवरा अजून बाहेरच बसला होता. मी अजून चिडलेलीच होते, त्यामुळे त्याला उठवायला गेले नाही.

आईला आतून तो दिसत असणार. तिला त्या पुस्तकाबद्दल, फाटलेल्या पानांबद्दल काही माहीत नव्हतं. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. दाई होती ती, बाहेर ताटकळलेल्या माणसाला आत बोलावण्यात तिचं आयुष्य गेलेलं. तिने नेहमीच्या मोठ्या आवाजात हाक मारली.

"जावईबापू! बाहेर का बसलात? या ना आत. आत छान आहे."

त्याने मान वर केली. हातातली वीट खाली ठेवली, पँटला हात पुसले आणि उठला. एवढी मोठी जागा समोर उघडी होती, तरी सवयीने अंग चोरून तो आत गेला.